आतड्यांच्या गतीची गॅमा कॅमेऱ्याने केलेली तपासणी सामान्य आली, तर दुखणे 'ताणाचे' म्हणून सोडून द्यायचे का?

प्रश्न : किरणवेध

नमस्कार. मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी असून सिंटिलेटर स्फटिकांवर, म्हणजे गॅमा किरण शोषून त्याबदल्यात दृश्य प्रकाशाची चमक देणाऱ्या पदार्थांवर, काम करतो. माझ्या थोरल्या बहिणीला बरीच वर्षे पोटदुखीचा त्रास आहे. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि शौचाच्या आधी ओटीपोटात कळा. रक्ततपासण्या आणि कोलोनोस्कोपी यांत काही सापडले नाही, म्हणून जठर आणि मोठे आतडे यांतून अन्न किती वेगाने पुढे सरकते हे पाहण्यासाठी तिची सिंटिग्राफी, म्हणजे अन्नात किरणोत्सारी द्रव्य मिसळून गॅमा कॅमेऱ्याने केलेली तपासणी, करण्यात आली. तोही अहवाल सामान्य आला. त्यावर डॉक्टरांनी "दोष काही नाही, ताण कमी करा" एवढेच सांगितले. ताईने त्याचा अर्थ "दुखणे मनाचे आहे" असा घेतला, आणि घरातही आता तसेच बोलले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या दोन शंका आहेत. पहिली माझ्या विषयातली. गॅमा कॅमेऱ्यात आजही बहुतेक ठिकाणी थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइडचाच स्फटिक असतो आणि तो रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ साली पुढे आणलेला आहे. त्यानंतर लँथनम ब्रोमाइडसारखे कितीतरी सरस स्फटिक आले. मग कॅमेराच पुरेसा तीक्ष्ण नसल्यामुळे ताईचा दोष निसटला असेल, असे होऊ शकते का? दुसरी शंका वैद्यकातली. ताण आणि आतड्यांचे विकार यांचा संबंध प्रत्यक्ष मोजून दाखवलेला आहे, की बाकी काही सापडले नाही म्हणजे ताण, असे उरलेसुरले निदान आहे?

उत्तर : वैद्यकीय_भौतिकी

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मी देते, कारण याच यंत्रांची गुणवत्ता तपासणे हे माझे रोजचे काम आहे.

जठराच्या तपासणीत रुग्णाला टेक्नेशियम-९९एम मिसळलेले ठरावीक उष्मांकांचे घन अन्न देतात. या समस्थानिकातून १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर पडतो. तो शरीरातून निसटून कॅमेऱ्यापर्यंत आला तरी त्याला आधी शिशाच्या कॉलिमेटरमधून, म्हणजे हजारो बारीक समांतर छिद्रे असलेल्या जाड चाळणीतून, जावे लागते. जे किरण छिद्रांच्या दिशेने सरळ येतात तेच पलीकडे पोचतात, आणि ते दहा हजारांत एखाद-दोनच असतात. त्यामागे साधारण साडेनऊ मिलिमीटर जाडीचा सोडियम आयोडाइडचा सपाट स्फटिक असतो. हा पदार्थ हवेतील ओलावा शोषून खराब होतो, म्हणून तो ॲल्युमिनियमच्या आवरणात हवाबंद ठेवावा लागतो.

आता एका किरणाचा हिशोब पाहा. हा स्फटिक दर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमागे सुमारे ३८ प्रकाशकण देतो, म्हणजे आपला किरण पूर्ण शोषला गेला तर ५३०० च्या आसपास निळसर-जांभळ्या प्रकाशाचे कण निर्माण होतात. चमक ओसरण्याचा काळ साधारण २३० नॅनोसेकंद असतो. स्फटिकामागील फोटोमल्टिप्लायर नळ्यांच्या संवेदी पृष्ठावर पडलेल्या प्रकाशकणांपैकी चौथा हिस्साच इलेक्ट्रॉन सोडवू शकतो, म्हणून शेवटी हाती हजारभर इलेक्ट्रॉन येतात. हजाराच्या मोजणीत संख्याशास्त्रीय चढउतार सुमारे ३ टक्के असतो, आणि शिखराच्या निम्म्या उंचीवरील रुंदी म्हणून तो मांडला तर साडेसात टक्के होतो. प्रत्यक्षात बाकीचे दोष धरून ही रुंदी ९ ते १० टक्क्यांपर्यंत जाते. चमक कुठे झाली हे ठरवण्यासाठी आसपासच्या सगळ्या नळ्यांना मिळालेल्या प्रकाशाचा भारित मध्य काढतात. ही युक्ती हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकात बसवली, आणि तीवर कॅमेरा अजून चालतो.

लँथनम ब्रोमाइड यापेक्षा जास्त प्रकाश देतो, त्याची चमक पंधरा-वीस नॅनोसेकंदांत ओसरते आणि ऊर्जाभेदही, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जांचे किरण वेगळे ओळखण्याची क्षमताही, सरस आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याने ऊतींमध्ये विखुरलेले किरण अधिक चांगले गाळता येतील. पण स्थानाच्या अचूकतेत अडसर स्फटिकाचा नाही. स्फटिक आणि नळ्या मिळून ३-४ मिलिमीटरपर्यंतचा फरक सांगू शकतात. कॉलिमेटर बसवला आणि रुग्णाचे जठर त्यापासून १० सेंटिमीटर अंतरावर आले, की हीच अचूकता सेंटिमीटरच्या आसपास जाते. स्फटिक कितीही उत्तम बसवला, तरी शिशाच्या छिद्रांची ही मर्यादा तशीच राहते.

आणि मुळात या तपासणीला तेवढ्या बारकाईची गरजच नसते. इथे जठराभोवती एक सीमा आखून आतल्या एकूण नोंदी मोजायच्या असतात. २००८ साली ठरलेल्या सर्वसंमत पद्धतीनुसार २ तासांनी ६० टक्क्यांहून अधिक किंवा ४ तासांनी १० टक्क्यांहून अधिक अन्न जठरात उरले असेल, तर रिकामे होण्याचा वेग मंद मानतात. यात चूक झालीच तर ती बहुधा हिशोबात होते. टेक्नेशियमचा अर्धायुकाल ६ तासांचा आहे, त्यामुळे ४ तासांत त्याची सुमारे ३७ टक्के किरणोत्सारिता आपोआपच कमी झालेली असते. ही दुरुस्ती केली नाही, तर अन्न जागचे हलले नसतानाही जठर एक तृतीयांशाहून अधिक रिकामे झाल्याचे दिसेल. तसेच अन्न जठराच्या मागच्या भागातून पुढच्या भागात सरकले की पुढून घेतलेल्या नोंदी उगाच वाढतात, म्हणून पुढून आणि मागून दोन्ही बाजूंनी मोजून त्यांचा भूमितीय मध्य घ्यावा लागतो. अहवालात या दोन गोष्टी केल्याचा उल्लेख आहे का, एवढे आपण जरूर पाहावे.

मोठ्या आतड्यासाठी अधिक काळ टिकणारे इंडियम-१११ वापरतात. त्याचा अर्धायुकाल २.८ दिवसांचा आहे. एका प्रचलित पद्धतीत ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच विरघळेल अशा आवरणाच्या कॅप्सूलमधून देतात. मग चढत्या भागाला १, आडव्याला २, उतरत्याला ३, शेवटच्या भागाला ४ आणि बाहेर पडलेल्या मलाला ५ असे अंक देऊन सगळ्या किरणोत्सारितेचे 'केंद्र' २४ आणि ४८ तासांनी कुठे आहे ते काढतात. थोडक्यात सांगायचे तर ही तपासणी माल किती पुढे गेला हे सांगते. गाडी वेळेवर पोचली हे तिला कळते, आत बसलेल्याला किती हादरे बसले हे कळत नाही. आतड्याच्या भिंतीतला दाब, मज्जातंतूंची संवेदनशीलता किंवा वेदना यांतील एकही गोष्ट तिच्यात मोजली जात नाही, आणि कोणताही नवा स्फटिक त्या मोजू लागणार नाही.

उत्तर : आंत्रवैद्य

वरील उत्तराच्या शेवटच्या वाक्यापासूनच मी पुढे जातो, कारण आपल्या दुसऱ्या शंकेचा गाभा तिथेच आहे.

ताणाचा पचनमार्गावरील परिणाम पहिल्यांदा पडद्यावर दिसला तोही चमकणाऱ्या पदार्थामुळेच, हे आपल्यासारख्या सिंटिलेटरच्या अभ्यासकाला आवडेल. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्यानंतर लगेचच हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी मांजरांच्या अन्नात बिस्मथचा क्षार मिसळून क्ष-किरणांनी उजळणाऱ्या पडद्यावर त्यांच्या जठराच्या लाटा पाहिल्या आणि १८९८ साली ती निरीक्षणे प्रसिद्ध केली. मांजर अस्वस्थ झाले की लाटा थांबत आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होत, हे त्यांनी स्वच्छ नोंदवले आहे. म्हणजे संबंध आहे की नाही हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच सुटला. कठीण निघाला तो पुढचा प्रश्न : हा संबंध कोणत्या वाटेने जोडला जातो?

१९८१ साली वायली वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीआरएफ हे ४१ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन ओळखले. ताणाला शरीर जो प्रतिसाद देते त्याची सुरुवात मेंदूत या रेणूने होते. इव्हेट ताशे यांच्या गटाने प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले की हा रेणू मेंदूत सोडला असता जठराचे रिकामे होणे मंदावते आणि त्याच वेळी मोठ्या आतड्याची गती वाढते. परीक्षेच्या सकाळी घास गिळवत नाही आणि शौचाला मात्र धावावे लागते, हा पुष्कळांचा अनुभव या एका रेणूच्या दोन टोकांच्या परिणामांशी नेमका जुळतो. १९९८ साली जपानमध्ये फुकुदो यांच्या गटाने आयबीएसच्या, म्हणजे तपासण्यांत दोष न दिसता पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी देणाऱ्या आतड्याच्या विकाराच्या, रुग्णांना हेच द्रव्य शिरेतून दिले, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्याच्या हालचाली निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक वाढल्या.

इथपर्यंत सारे जुळते. मग सीआरएफचा परिणाम रोखणारे औषध दिले की आयबीएस बरा व्हायला हवा होता. पेक्सासरफॉन्ट नावाच्या अशा औषधाची जुलाबप्रधान आयबीएस असलेल्या स्त्रियांवर चाचणी झाली, मोठ्या आतड्यातील गती याच सिंटिग्राफीने मोजली गेली, आणि २००९ साली निष्कर्ष आला : गतीत फरक नाही, लक्षणांतही नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. केवळ गती पाहून ताणाचा आतड्यांशी असलेला संबंध उलगडत नाही, हे त्यातून दिसते.

गतीइतकीच, किंबहुना दुखण्याच्या बाबतीत तिच्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतड्याच्या भिंतीची संवेदनशीलता. १९७३ साली रिची यांनी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. ६० मिलिलिटर एवढ्या आकाराला निरोगी व्यक्तींपैकी ६ टक्क्यांना वेदना झाली, तर आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. आतड्यातील सामग्री अगदी वेळेवर पुढे सरकत असतानाही साधा वायू किंवा मल एखाद्याला असह्य होऊ शकतो, याचा हा थेट पुरावा आहे. आणि अशा रुग्णाची सिंटिग्राफी सामान्यच येणार.

ही संवेदनशीलता वाढते कशी? २००४ साली बार्बारा यांच्या गटाने इटलीत आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराचे तुकडे तपासले, तेव्हा मास्ट पेशी (प्रतिकारसंस्थेतील एक प्रकारच्या पेशी) मज्जातंतूंच्या अगदी लगत साचलेल्या आढळल्या, आणि त्या जितक्या जवळ तितकी पोटदुखी तीव्र व वारंवार होती. या पेशी हिस्टामिन आणि ट्रिप्टेज सोडतात, त्यांनी शेजारचा मज्जातंतू उत्तेजित होतो. ताणाचा दुवा इथे २०१४ साली जोडला गेला. बेल्जियममधील संशोधकांनी निरोगी विद्यार्थ्यांना लोकांसमोर भाषण करायला लावले, आणि ज्यांचे कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक चांगलेच वाढले त्यांच्या लहान आतड्याचे अस्तर अधिक झिरपू लागल्याचे लघवीतील शर्करांच्या प्रमाणावरून मोजले. सीआरएच (सीआरएफचेच दुसरे नाव) टोचल्यावरही तसेच झाले, आणि मास्ट पेशींना स्थिर करणारे औषध आधी दिले तर झाले नाही. भाषणाच्या भीतीपासून आतड्याच्या भिंतीपर्यंतची वाट यात मोजमापासह सापडते.

उरल्यासुरल्या निदानाबद्दल आपण विचारले आहे. आयबीएसचे निदान आज तसे करत नाहीत. २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार गेल्या ३ महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटदुखी, आणि तिचा शौचाशी, शौचाच्या वारंवारतेतील बदलाशी किंवा मलाच्या स्वरूपातील बदलाशी यांपैकी किमान दोन बाबतीत संबंध, शिवाय लक्षणे सुरू होऊन किमान ६ महिने झालेले, असे ते ठरवतात. आपल्या बहिणीची लक्षणे वाचताना मला हेच आठवले, अर्थात निदान त्यांना प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांनीच करायचे आहे.

किरणवेध

दोघांचेही मनापासून आभार. दुरुस्तीविषयी सांगितलेले अहवालात पाहिले : किरणोत्सारितेच्या घटीची दुरुस्ती आणि भूमितीय मध्य, दोन्हींचा उल्लेख आहे. त्यामुळे मोजमापाविषयी आता शंका उरली नाही.

आणखी एक विचारतो. हा प्रवास मेंदूकडून आतड्याकडे असाच असतो, की उलटाही? ताईचा त्रास एका तीव्र जुलाबाच्या आजारानंतर सुरू झाला. त्या आधी ती कधीच चिंताग्रस्त नव्हती. आज मात्र बाहेर जायचे म्हटले की तिला धास्ती वाटते. शिवाय ताणाने आतड्याला खरोखर सूज येते का?

उत्तर : मज्जापेशी

मी आतड्यातील मज्जासंस्थेवर संशोधन करते, म्हणून या दोन प्रश्नांवर थोडे लिहिते.

आतड्याच्या भिंतीत स्वतःची मज्जासंस्था आहे. तिच्यातील मज्जापेशींची संख्या १० कोटींहून अधिक आहे आणि मेंदूशी संपर्क तोडला तरी ती आतड्याच्या लाटा चालवू शकते. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ सालीच हे दाखवले. मेंदू आणि आतडे यांना जोडणाऱ्या व्हेगस या नसेतील सुमारे ८० टक्के तंतू वरच्या दिशेने, म्हणजे आतड्याकडून मेंदूकडे, संदेश नेतात. तेव्हा उलटा प्रवास होतोच, आणि तंतूंच्या संख्येचा विचार केला तर तोच मोठा आहे.

लोकसमूहात हे पाहिलेले आहे. ऑस्ट्रेलियात एका लोकसमूहाचा १२ वर्षे पाठपुरावा करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीला चिंता असलेल्यांना पुढे पोटाचे असे विकार होण्याची शक्यता अधिक आढळली. पण सुरुवातीला फक्त पोटाचा विकार असून चिंता नसलेल्यांमध्येही पुढे चिंता आणि नैराश्य अधिक आढळले. आपण वर्णन केलेला क्रम, आधी संसर्ग, मग आतड्याचा त्रास आणि मग धास्ती, हा या दुसऱ्या वाटेशी जुळतो. २०२१ साली बेल्जियममधील गटाने उंदरांत दाखवले की आतड्याच्या संसर्गाच्या काळात खाल्लेल्या एखाद्या अन्नघटकाविरुद्ध आतड्यापुरतीच प्रतिकारक्रिया तयार होऊ शकते. संसर्ग गेल्यावरही तो घटक पुन्हा आला की मास्ट पेशी मज्जातंतूंना चेतवतात. याच अभ्यासात आयबीएसच्या काही रुग्णांच्या मलाशयाच्या अस्तरात गहू, दूध आदींचे घटक टोचले असता तेवढ्याच जागी प्रतिक्रिया उमटली. यात 'मनाचे' असे काही नाही, जखमेच्या वेळी तयार झालेली स्मृती आतड्यात राहते.

सुजेविषयी. आयबीएस आणि आतड्याचा दाहक विकार, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, हे वेगळे आजार आहेत आणि आपल्या बहिणीची कोलोनोस्कोपी स्वच्छ असल्याने त्यांची गल्लत करू नये. मात्र दाहक विकाराच्या रुग्णांना ताणात उद्रेक होतो हे जे ते स्वतः सांगत आले आहेत, त्याची एक यंत्रणा २०२३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ख्रिस्तोफ थाइस यांच्या गटाने उंदरांत उलगडली. दीर्घकाळच्या ताणात अधिवृक्क ग्रंथींतून ग्लुकोकॉर्टिकॉइड सतत स्रवत राहतात. एरवी दाह शमवणारी हीच संप्रेरके सतत राहिली की आतड्यातील ग्लिया पेशी, म्हणजे मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशी, दाहकारक रूप घेतात आणि सीएसएफ-१ या रेणूद्वारे रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना तिथे बोलावतात. त्याच संप्रेरकांमुळे आतड्यातील काही मज्जापेशी अपरिपक्व अवस्थेकडे झुकतात, ॲसिटिलकोलीन हा मज्जापेशींचा संदेशवाहक रेणू कमी पडतो आणि आतड्याची हालचाल बिघडते. म्हणजे ताण, मज्जासंस्था, दाह आणि गती ही चारही सूत्रे एकाच साखळीत आली. हे निष्कर्ष मुख्यतः उंदरांवरचे आहेत, त्यावरून माणसासाठी लगेच औषध ठरवता येत नाही, पण मला व्यक्तिशः या दशकातील या क्षेत्रातला हा सर्वांत मोलाचा शोधनिबंध वाटतो.

उत्तर : आंत्रवैद्य

उपचारांविषयी आपण विचारले नाही, तरी दोन ओळी लिहितो. वाढलेली संवेदनशीलता कमी करता येते. ॲमिट्रिप्टिलीन हे औषध नैराश्यासाठी लागते त्याहून खूपच कमी मात्रेत, दररोज १० ते ३० मिलिग्रॅम, दिल्याने आयबीएसची लक्षणे कमी होतात हे २०२३ साली इंग्लंडमधील अॅटलांटिस चाचणीत दिसले. ते वेदनावाहक मज्जातंतूंवर काम करते, म्हणून ते लिहून दिले तर "मला वेडसर समजतात" असे बहिणीला वाटू देऊ नका. आतड्यांच्या विकारांसाठी बेतलेल्या वर्तनोपचारांचाही चांगला पुरावा आहे. मात्र शौचावाटे रक्त, कारण नसताना घटणारे वजन, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही नव्याने दिसले, तर जुन्या सामान्य अहवालांवर विसंबून थांबू नये.

उत्तर : वैद्यकीय_भौतिकी

पुढची तपासणी करायचीच असेल, तर अधिक तीक्ष्ण गॅमा कॅमेरा शोधत फिरण्याऐवजी मलाशयातील दाब आणि फुगा-संवेदना मोजणारी तपासणी आपल्या बहिणीच्या बाबतीत उपयोगी ठरेल का, असे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. त्यात किरणोत्सारी द्रव्य लागत नाही, आणि किती आकाराला जाणीव होते, किती आकाराला शौचाची घाई होते आणि किती आकाराला दुखू लागते, हे मिलिलिटरमध्ये लिहून मिळते.